तलावातले सगळेच हिरवे शेवाळ नसते

पावसाळा सरून पाणी निवळू लागले की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या गावांतून एकच निरोप वेगवेगळ्या तोंडांनी येतो : "तलावात शेवाळ माजले आहे. एखादे औषध मिळेल का?" या निरोपामागची काळजी खरी असते. तलाव मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेला असतो, त्यात मत्स्यबीज सोडलेले असते. काठच्या वस्तीची गुरे तिथेच पाणी पितात, बायका तिथेच धुणे धुतात, पोरे तिथेच डुंबतात. आपल्यापैकी कित्येकजण बोडी खोदणे, पाळ दुरुस्त करणे अशा कामांना हातभार लावत आला आहात, आणि "मग औषधाचे पैसे पाठवू का?" असेही मोठ्या मनाने विचारता. त्यावर बहुतेक वेळा उत्तर असते, "जरा थांबा. आधी ते काय आहे ते पाहू."

थांबण्याचे कारण साधे आहे. 'शेवाळ' हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. पाण्याला आलेला हिरवा रंग, दगडावरची बुळबुळीत साय, तरंगती जलपर्णी, तळातून वर आलेले पाणगवत, या सगळ्याला एकच नाव. पण या चार गोष्टी एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. मोरचूद शेवाळावर चालते, जलपर्णीवर त्याचा काही उपयोग होत नाही. गवत्या मासा पाण्यातले कोवळे गवत आवडीने खातो, जलपर्णीला सहसा तोंड लावत नाही. आणि ज्याला आपण घाण म्हणून काढायला निघालो ते कधी कधी त्या गावाचे अन्न असते, किंवा मरळीसारख्या माशाचे बाळंतघर असते.

पूर्व विदर्भातले हे तलाव बरेचसे जुने आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले, आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेले. म्हणून त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' म्हणतात. शेकडो वर्षांत या पाण्यात वनस्पतींचा एक संसार बसला आहे. त्यातले घरचे कोण आणि बाहेरून येऊन ठाण मांडलेले कोण, हे ओळखता येणे ही पहिली पायरी. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. एक काठी, एक पारदर्शक बाटली, एक पांढरी थाळी आणि पाण्यात हात घालायची तयारी एवढे पुरते.

शेवाळ कशाला म्हणावे

पहिली कसोटी हाताची. जे दिसते ते उचलून तळहातावर घ्या आणि मूळ, खोड, पान वेगळे दाखवता येते का ते पाहा. आले तर ती वनस्पती, मग ती कितीही बारीक असो. नाही आले तर बहुधा शेवाळ. (या नियमाला एकदोन अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.)

शेवाळाचे तलावात ढोबळ दोन प्रकार दिसतात. एक धाग्यांचे. थंडीत आणि थंडी संपताना ते उथळ पाण्यात ओल्या केसांच्या गुंत्यासारखे दिसते. दुपारी उन्हात त्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकतात आणि सगळा गोधडीसारखा थर वर येतो, रात्री पुन्हा खाली बसतो. दोन बोटांत धरल्यावर रेशमासारखे बुळबुळीत लागले तर ते स्पायरोगायरा असण्याची शक्यता फार. खरखरीत, ओल्या सुतळीसारखे लागले तर दुसऱ्या जातीचे. कधी त्याचे चक्क मासेमारीच्या जाळ्यासारखे बारीक षटकोनी घर दिसतात, त्याला पाणजाळे म्हणायला हरकत नाही. यांतले कुठलेच विषारी नाही. त्रास होतो तो जाळे टाकताना आणि छोट्या पिलांना पोहताना. दाताळ्याने ओढून काढणे हाच यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

दुसरा प्रकार पाण्यात विरघळल्यासारखा दिसणाऱ्या शेवाळाचा. धागा नाही, पान नाही, नुसता रंग. मत्स्यशेतीत थोडा हिरवा रंग हवाच असतो, कारण त्यावर पाण्यातले बारीक जीव जगतात आणि त्यांच्यावर माशांची पिले. पण रंग दाट झाला, पृष्ठभागावर कोणी रंगाचा डबा ओतावा तशी निळसर-हिरवी साय आली, वाऱ्याने ती एका काठाला लोटली आणि तिला उग्र, कुजकट वास येऊ लागला, की सावध व्हायचे. हे नील-हरित शेवाळ. शास्त्रीय दृष्टीने ते जिवाणूंच्या कुळातले आहे. कडक ऊन, न हलणारे पाणी आणि भरपूर खत-शेण मिळाले की ते भराभर वाढते. त्याच्या काही जाती, विशेषतः मायक्रोसिस्टिस, यकृतावर घाला घालणारे विष तयार करतात. अशी साय प्यालेली गुरे मरू शकतात.

काठीची परीक्षा इथे उपयोगी पडते. एक काठी सायीत बुडवून वर काढा. हिरवे काही केसांसारखे लोंबले तर धाग्यांचे शेवाळ. काठीला नुसता रंग लागला तर नील-हरित असण्याचा संशय घ्या. मग बाटलीची परीक्षा करावी. स्वच्छ पारदर्शक बाटली पाऊण भरून तलावाचे पाणी घ्या, झाकण लावा, सावलीत न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा रंग तळाला बसला असेल तर ते साधे हिरवे शेवाळ. वरच्या बाजूला कडे करून तरंगत असेल तर नील-हरित, कारण त्याच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. ही परीक्षा शेवटचा शब्द नव्हे. आपोआप पोहत वर येणारे दुसरेही जीव आहेत. पण गुरांना त्या काठाला जाऊ द्यायचे की नाही, हे सकाळच्या सकाळी ठरवायला ती पुरेशी आहे. हातमोजा नसेल तर हातावर पिशवी चढवून पाणी घ्यावे.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी, कारण गावोगाव हा समज आहे. हे विष पाणी उकळून जात नाही. फडक्याने गाळूनही जात नाही. उकळल्याने पेशी फुटून विष पाण्यात उतरते. मोरचूद टाकल्यानेही तेच होते. साय दिसायची थांबते, पाणी मात्र काही दिवस अधिक धोक्याचे होते. म्हणून अशा वेळी खर्च औषधावर करण्यापेक्षा गुरांसाठी हातपंपाजवळ एक हौद बांधण्यावर करावा, असे आमचे मत.

लाल रंगाने लोक जास्त घाबरतात. पाण्यावर विटकरी साय दिसली की 'तलावाला रक्त चढले' अशी कुजबुज सुरू होते. दोन शक्यता असतात. सकाळी हिरवट आणि भर दुपारी लाल होत असेल तर तो युग्लिना नावाचा सूक्ष्म जीव, ऊन सोसण्यासाठी तो रंग बदलतो. तो फार दाटला तर माशांना अपाय होऊ शकतो. पण लाल थर हातात घेतल्यावर त्यात बारीक खवल्यांसारखी पाने आणि खाली मुळांचे धागे दिसले, तर तो ॲझोला, म्हणजे तरंगते नेचे. थंडीत आणि कडक उन्हात तो लालसर होतो. हवेतला नत्र बांधणारा हा गुणी जीव भाताला खत म्हणून आणि गुरांना-कोंबड्यांना खाद्य म्हणून लोक मुद्दाम वाढवतात. एकाच रंगाची एक गोष्ट धोक्याची, दुसरी कामाची.

तरंगणारे, बुडालेले, रुजलेले

तरंगणाऱ्या वनस्पतींत जलपर्णी सगळ्यांना ठाऊक आहे. फुगीर, स्पंजासारखा देठ, चकचकीत गोल पान, आणि जांभळे फूल, ज्याच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. मूळची दक्षिण अमेरिकेची. फुलाच्या देखणेपणामुळेच ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि तिथून देशभर पसरली. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणजे एकदा साफ केले की सुटलो, असे होत नाही.

तिच्याबरोबर दिसते ती पाण्यातली कोबी : फिकट हिरव्या, मखमली, उभ्या पन्हाळ्या पडलेल्या पानांचा गेंद. हिच्या मुळांना चिकटून मॅन्सोनिया डासाच्या अळ्या श्वास घेतात, त्यामुळे वस्तीजवळ ती नकोच.

तिसरी साल्विनिया. लहान, जोडीने येणारी, घडी घातल्यासारखी पाने, आणि पानावर बारीक केस. भिंगातून पाहिले तर चार केसांची टोके वर जुळून ताक घुसळायच्या रवीसारखा आकार दिसतो. ही खूण पक्की. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीचा सातपुडा जलाशय या साल्विनियाने झाकून टाकला होता. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तिथे औषध फवारले नाही. फक्त साल्विनियाच खाणारा एक छोटा भुंगेरा सोडला, आणि काही वर्षांत पाणी मोकळे झाले. जलपर्णीसाठीही असे भुंगेरे 1980 च्या दशकात भारतात आणले गेले. ते जलपर्णी संपवत नाहीत, तिचा जोर मोडतात. मात्र हे काम शास्त्रज्ञांचे, कोणी हौसेने करायचे नव्हे.

आता तो अपवाद. तलावावर मोहरीएवढ्या हिरव्या दाण्यांचा थर आला की त्याला सगळेच शेवाळ म्हणतात. चिमूटभर उचला. एकेका पानाखाली एकच मूळ लोंबत असेल तर ते टिकलीगवत, इंग्रजीत ज्याला बदकांचे गवत म्हणतात ते. मुळे अनेक आणि पानाची खालची बाजू जांभळी असेल तर त्याचाच मोठा भाऊ. मूळ अजिबात नाही आणि बोटांत रव्यासारखे लागते, तर तो वुल्फिया, जगातली सर्वांत लहान फुलझाडाची जात. थायलंडात ती आवडीने खातात. आपल्याकडे कोंबड्या आणि बदके तिचा समाचार घेतात, गवत्या मासाही. हा थर दाट आला याचा अर्थ पाण्यात खत-सांडपाणी उतरते आहे. तो नुसता काढत बसण्यापेक्षा नाला शोधावा.

दुसरा अपवाद उलटा. कारा नावाचे एक शेवाळ दिसायला अगदी झाडासारखे असते, पेरापेरावर फांद्यांचे गोल. पण त्याला खरे मूळ नसते. चुरगाळले की लसणासारखा उग्र वास येतो आणि चुन्यामुळे हाताला खरखर लागते. स्वच्छ, चुनखडी पाण्यात ते तळाशी वाढते. त्याला सहसा हात लावू नये, ते गाळ धरून ठेवते.

बुडालेल्या गवतांत सर्वांत जास्त गोंधळ हायड्रिलाचा. त्याची पाने खोडाभोवती चारपासून आठच्या चक्रात येतात, कडा दातेरी असतात आणि खालून वर बोट फिरवले तर खरखर लागते. त्याच्याशेजारी पुष्कळदा कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुपकेदार गवत असते. त्याची पाने काट्यासारखी दुभंगलेली आणि त्याला मूळच नसते. लांब रिबिनीसारखी, तळातून सरळ वर येणारी पाने दिसली तर ते व्हॅलिसनेरिया. त्याच्या मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळतो. ही तिन्ही इथलीच आहेत. पाणी नितळ ठेवतात, त्यात मासे अंडी घालतात, पिले लपतात, पाणपक्षी चरतात. हायड्रिला हा मात्र दुधारी गडी आहे. थोडा असला तर तलावाचे भूषण, सगळा तलाव भरला तर जाळे पडत नाही, होडी सरकत नाही. तो तोडला की प्रत्येक तुकडा नवे झाड होतो आणि गाळात त्याच्या गाठी राहतात. म्हणून विळ्याने कापून तसाच सोडून देणे म्हणजे पेरणी करणे.

पाण्यावर पसरणाऱ्या, पण तळात रुजलेल्या वनस्पती ओळखायला सोप्या. कमळाचे पान पूर्ण गोल, देठ मधोमध, आणि ते पाण्याच्या वर उभे राहते. कुमुदाचे पान पाण्यावर टेकलेले आणि देठापर्यंत चीर पडलेली. शिंगाड्याची पाने चौकटच्या आकाराची, देठ फुगीर, सगळी मिळून चक्राकार नक्षी. शिंगाडा, कमळकाकडी, काठची नाळीची भाजी हे धीवर आणि आदिवासी कुटुंबांचे खाणे आहे, हाटात विकायचा माल आहे. शिंगाडा कच्चा दाताने सोलू नये, उकडून खावा. पाण्यातल्या झाडांना आणि त्यांच्या फळांच्या सालीला आतड्यातल्या चपट्या कृमींच्या कोशबद्ध अळ्या चिकटलेल्या असू शकतात. काठच्या उथळ पाण्यात येणारा जंगली भात, ज्याला देवधान म्हणतात, तोही जपायचा. गोंदियातल्या सारस पक्ष्यांचा संसार अशाच पाणथळ जागांवर आणि भातखाचरांवर चालतो.

काठावरच्या पाहुण्यांत पाणकणीस माफक असावे. बेशरम मात्र नको. गुलाबी-जांभळ्या कर्ण्यासारखी फुले, पोकळ खोड, तोडल्यावर पांढरा चीक. गुरे तिला तोंड लावत नाहीत, दुष्काळात शेळ्यांनी सतत खाल्ली तर त्यांना झटके येतात, आणि कापून टाकलेली कांडी ओल्या मातीत पुन्हा रुजते. नावच तिला शोभेसे आहे.

काढायचे कसे आणि किती

तलाव हिरवा का झाला, हे आधी विचारावे. गाळाने तलाव उथळ होतो, ऊन तळापर्यंत पोचते, आणि तळातून गवत उठते. शेतातले खत, गोठ्याचे पाणी, धुण्याचा साबण हे सगळे वनस्पतींचे जेवण आहे. एक सोपी चाचणी आहे. दुपारच्या उन्हात हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळहात जेमतेम दिसला तर पाणी माशांना योग्य. मनगटाच्याही आधी हात दिसेनासा झाला आणि तो रंग मातीचा नसून हिरवा असेल तर शेवाळ दाटले आहे. तळ स्वच्छ दिसत असेल तर पुढे गवत उठणार हे धरून चालावे. काठीला बांधलेली पांढरी थाळी याहून नेमके सांगते. थाळी दिसेनाशी झाली तिथे काठीवर खूण करून मोजून लिहून ठेवावे, दर पंधरा दिवसांनी.

औषधाबद्दल. झाडोरा दिवसा प्राणवायू देतो आणि रात्री घेतो. म्हणून दाटलेल्या तलावात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. अशा तलावात तणनाशक मारले तर सगळा झाडोरा एकदम कुजतो, कुजताना उरलासुरला प्राणवायू खातो आणि चार दिवसांत मासे पोट वर करतात. संस्थेने वर्षभराचा ठेका भरलेला असतो, बीज उधारीवर आणलेले असते. त्या घरांचे वर्ष त्या चार दिवसांत बुडते. शिवाय तेच पाणी गुरे पितात. गावतलावाला फवारणीसाठी पैसे मागणारी चिठ्ठी आली तर आपण हे विचारायला मुळीच संकोचू नका.

हाताने काढणे कष्टाचे आहे, पण ते रोजगारही देते. जलपर्णी फुलावर येण्याआधी काढावी. तिच्या शंभर किलोंत पाच-सात किलोच कोरडा ऐवज असतो, बाकी पाणी. त्यामुळे ओली वाहून नेण्यापेक्षा काठावर दोन दिवस निथळू द्यावी, आणि मग पाळीच्या बाहेर नेऊन शेणाबरोबर खतात घालावी. काठावरच ढीग राहिला तर पहिल्या पावसात सगळे सत्त्व पुन्हा तलावात. हायड्रिला ओढताना खालच्या बाजूला बारीक जाळे लावून तुकडे अडवावेत. आणि सगळे कधीच काढू नये. पट्ट्यापट्ट्यांनी काढावे, पाव ते तिसरा हिस्सा झाडोरा राहू द्यावा.

उन्हाळ्यात तलाव आटतो तेव्हाचा काळ सर्वांत मोलाचा. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने स्थानिक धीवर संस्थांना बरोबर घेऊन हेच केले : बेशरम मुळासकट उपटली, आटलेल्या तळाची नांगरट केली, आणि पावसानंतर इथल्याच पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलावात झाडे लावायची ही कल्पना ऐकून प्रथम हसू येते. पण देशी मासे आणि पक्षी त्यामागोमागच परतले. गवत्या मासा सोडण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. बंदिस्त शेततळ्यात तो ठीक. मामा तलावात तो हायड्रिलाबरोबर आपण जपू पाहतो तेही खातो, म्हणून आम्ही त्याची घाई करत नाही.

ओळख पटत नसेल तर नमुना असा पाठवावा. झाड मुळासकट उपटून, धुऊन, पांढऱ्या थाळीत पाणी घालून पसरावे आणि शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढावा. एक पानाचा जवळून, एक खालच्या बाजूचा, एक सगळ्या तलावाचा. फूल असेल तर ते जरूर, कारण फुलावरूनच जात पक्की ठरते. नमुना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवावा, पाण्यात बुडवून नव्हे, नाहीतर वाटेतच कुजतो. शेवाळाचा नमुना मात्र पाण्यासकट, बाटली अर्धीच भरून, सावलीत, त्याच दिवशी पोचवावा. जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभाग किंवा जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगू शकते. बाटलीवर तलावाचे नाव, तारीख, वेळ आणि पाणी कोणत्या काठाचे ते पेन्सिलीने लिहावे. शाई ओलाव्याने पसरते.